जुने यंत्र, नवी प्रणाली आणि दप्तराची वाचनीयता : बिलोली परिसराच्या संदर्भात

१

कोणतेही लिखाण पुढच्या पिढीस वाचता यावयाचे तर दोन गोष्टींची आवश्यकता असते. ज्यावर ते लिहिले गेले ते साधन टिकले पाहिजे, आणि त्यावरील खुणांचा अर्थ लावणारा कोणी तरी शिल्लक राहिला पाहिजे. मराठवाड्यातील जुन्या दप्तरांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना ह्यांपैकी दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे हे निराळे सांगावयास नको.

बिलोली हा नांदेड जिल्ह्याच्या सीमेवरील तालुका. मांजरा ओलांडली की पलीकडे तेलंगणातील बोधन लागते. हा सर्व प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यानंतर बिलोलीसह मराठवाडा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. संस्थानाच्या राज्यकारभाराची भाषा आधी फारसी व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उर्दू झाली. मराठी व्यवहार मोडीत होत असे. बाजारात व घरोघरी तेलुगूही चाले. पुढे बालबोध देवनागरी हीच व्यवहाराची लिपी ठरली. ह्या स्थित्यंतरांत कागद बरेच टिकले, परंतु मोडी व फारसी वाचणारे कमी होत गेले. आज एखाद्या वाड्यातील रुमाल सोडला असता कागद सुस्थितीत, शाईही ताजी, आणि मजकूर मात्र घरातील कोणासही न लागणारा, असा अनुभव येतो.

संगणकावरील लिखाणाची स्थिती तत्त्वतः हीच आहे. तेथे वाचकाचे काम प्रथम एक यंत्रणा करते. तीस ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. प्रस्तुत लेखात तिचा उल्लेख ‘प्रणाली’ असा केला आहे. साठविलेले अंक कोणत्या अक्षरांचे आहेत आणि ती अक्षरे पडद्यावर कशी जुळवावयाची, हे प्रणाली व तिच्या आश्रयाने चालणारे कार्यक्रम ठरवितात. प्रणालीचा निर्माता काही विशिष्ट यंत्रांची जबाबदारी घेतो, त्यांतील दोष दुरुस्त करतो आणि ठरलेल्या तारखेस ती जबाबदारी सोडतो. ह्या जबाबदारीच्या बाहेर पडलेल्या जुन्या यंत्रावर, निर्मात्याची मान्यता नसतानाही, नवी प्रणाली बसविण्याचा प्रघात आता सर्वत्र आढळतो. सामान्यतः त्याकडे काटकसरीचा उपाय म्हणून पाहिले जाते. मराठीच्या लेखनव्यवहाराच्या दृष्टीने मात्र त्याचा विचार निराळ्या रीतीने करावा लागतो. निर्मात्याने आखलेली सीमा आणि मराठी वाचता येण्याची सीमा ह्या दोन रेषा गेल्या चाळीस वर्षांत क्वचितच एकमेकींवर आल्या, हे दाखविणे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

२

पहिले स्थित्यंतर १९८० च्या दशकातील. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसीमध्ये अक्षरांचा संच यंत्रातच कोरलेला होता. त्यात २५६ खुणांना जागा होती व देवनागरी त्यांत नव्हती. निर्मात्याच्या दृष्टीने त्या यंत्रावर मराठी हा विषयच संभवत नव्हता.

ह्यावर भारतीय संशोधकांनी काढलेला तोडगा यंत्र न बदलता यंत्राची शक्ती वाढविणारा होता. आयआयटी कानपूर येथे विकसित झालेले देवनागरी टर्मिनल १९८३ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात दाखविण्यात आले. १९८८ मध्ये पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली व हे काम तेथे पुढे चालले. त्यातून ‘जिस्ट’ नावाचे कार्ड तयार झाले. पीसीच्या रिकाम्या खाचेत ते बसविले की डॉस प्रणालीवर, इंग्रजीसाठीच लिहिलेल्या कार्यक्रमांतही, भारतीय लिपी उमटू लागे.

ह्या कामाचे भाषाशास्त्रीय महत्त्व त्यामागील संकेतव्यवस्थेत आहे. १९८८ मध्ये तयार झालेली व १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झालेली ‘इस्की’ ही व्यवस्था लिपीच्या आकारांवर न बेतता वर्णांवर बेतलेली होती. ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींचा वर्णक्रम समान असल्यामुळे देवनागरी ‘क’ आणि तेलुगू ‘क’ ह्यांना तीत एकच अंक मिळाला. लिपी बदलली तरी साठविलेला वर्ण तोच राही. फारसी-अरबी वळणाची लिपी मात्र ह्या व्यवस्थेच्या बाहेर राहिली. बिलोलीसारख्या परिसराच्या दृष्टीने पाहिले तर मराठी व तेलुगू ह्यांची सोय झाली, आणि जी भाषा तेथे काही काळ राजभाषा होती त्या उर्दूची झाली नाही.

३

ह्यानंतरचा काळ विंडोजचा. विंडोज ९५ ही आवृत्ती ऑगस्ट १९९५ मध्ये व विंडोज ९८ ही जून १९९८ मध्ये आली. ह्या प्रणालींत देवनागरीची व्यवस्था नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी जो मार्ग रूढ झाला तो सोपा होता, आणि त्याचे परिणाम दूरवर पोहोचले. इंग्रजी अक्षरांच्या अंकांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवून फाँट तयार करण्यात आले. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव आणि सी-डॅकची आयएसएम ही नावे मराठी व हिंदी मुद्रणालयांत घरोघरीच्या नावांसारखी झाली. मराठीतील ग्रंथमुद्रण, वृत्तपत्रे, प्रबंध व कार्यालयीन पत्रे ह्यांचा मोठा भाग सुमारे दोन दशके ह्या फाँटांच्या आधारावर चालला. हे ऋण मान्य करूनच पुढील दोष सांगितला पाहिजे.

प्रत्येक फाँटमध्ये तुकड्यांची मांडणी निराळी होती, आणि ती वर्णांच्या क्रमाने न होता डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाने होत असे. ‘बिलोली’ हे नावच उदाहरणादाखल घेता येईल. कृतिदेव फाँटमध्ये ते लिहिले असता संगणक सात इंग्रजी खुणा साठवितो : एफ, सी, वाय, के, एस, वाय, एच. पहिली खूण ऱ्हस्व वेलांटीची आहे. वास्तविक ‘इ’ हा स्वर ‘ब’ नंतर उच्चारला जातो. परंतु वेलांटी अक्षराच्या डावीकडे काढली जाते म्हणून ती आधी साठविली गेली. पुढील ‘लो’ मधील ओकाराची एक खूण नाही. काना आणि मात्रा असे तिचे दोन तुकडे आहेत. युनिकोड ह्या आजच्या प्रमाण व्यवस्थेत हेच नाव सहा अंकांत बसते : ब, वेलांटी, ल, ओकार, ल, दीर्घ वेलांटी. हा उच्चाराचा क्रम आहे. शेजारच्या धर्माबादच्या नावात दुसरा प्रकार दिसतो. त्यातील ‘र्’ हा ‘मा’ च्या आधी उच्चारला जातो. जुन्या फाँटमध्ये मात्र रफार शेवटी काढला जातो म्हणून ‘मा’ च्या काना नंतर साठविला जातो.

ह्यावरून दोन अनुमाने निघतात. जुन्या फाँटमधील मजकूर हा संगणकाच्या लेखी मराठी मजकूरच नव्हे. तो इंग्रजी अक्षरांची एक निरर्थक मालिका असून तिला मराठीचे रूप केवळ त्या फाँटमुळे येते. फाँट गेला की रूप गेले. दुसरे असे की, हा मजकूर युनिकोडमध्ये आणणे हे एका खुणेऐवजी दुसरी खूण घालण्याइतके सरळ काम नाही. वेलांट्या व रफार ह्यांच्या जागा बदलाव्या लागतात, फुटलेली अक्षरे जोडावी लागतात, आणि प्रत्येक फाँटसाठी हे नियम निराळे बसवावे लागतात. मोडी कागदाचे लिप्यंतर करणाऱ्यास जशी प्रत्येक हस्ताची ओळख करून घ्यावी लागते, तसाच हा प्रकार आहे.

जुन्या फाँटमधून तयार झालेल्या पीडीएफ प्रतींच्या बाबतीत हा दोष अधिक फसवा ठरतो. पानावर मराठी अक्षरे नीट दिसतात. परंतु त्यांतील एखादा शब्द शोधू जाता तो सापडत नाही, कारण तो शब्द तेथे साठविलेलाच नसतो.

४

दुसरे स्थित्यंतर इ. स. २००० पासूनचे. युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली होती व तिच्यातील भारतीय लिपींची मांडणी १९८८ च्या इस्कीवर आधारलेली होती. परंतु ती सामान्य वापरात येण्यास प्रणालीची साथ हवी होती. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० मध्ये ‘मंगल’ फाँटसह देवनागरीची व्यवस्था झाली. उर्दूचीही सोय तीत होती. ऑक्टोबर २००१ मधील विंडोज एक्सपीमध्ये तेलुगू व कन्नड ह्यांची भर पडली. मराठी, तेलुगू आणि उर्दू ह्या तिन्ही भाषा एकाच प्रणालीत, एकाच पानावर, प्रत्येक आपापल्या प्रमाण संकेतांत लिहिता येणे हे विंडोजच्या परंपरेत येथे प्रथम शक्य झाले. ज्या वळणास उर्दू वाचक सरावलेला असतो ते नस्तालीक वळण मात्र विंडोजमध्ये २०१२ च्या आठव्या आवृत्तीबरोबर आले.

ह्याच सुमारास, २००१ मध्ये, महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले व त्याच्या एमएस-सीआयटी ह्या अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावांपर्यंत संगणक-शिक्षणाची केंद्रे पोहोचली. यंत्रे सर्वत्र सारखी नव्हती. विंडोज ९८ साठी १६ मेगाबाइट स्मृती पुरेशी मानलेली होती. एक्सपीसाठी किमान ६४ मेगाबाइट सांगितलेली होती. म्हणजे नव्या प्रणालीची किंमत जुन्या यंत्रास चौपट स्मृतीच्या रूपाने द्यावी लागत होती. शिवाय एक्सपीमध्ये भारतीय लिपींची व्यवस्था आपोआप सुरू होत नसे. मूळ सीडी घालून ती निराळी बसवावी लागे. सीडी हाताशी नसेल तर एक्सपी असूनही मराठी नाही, अशी विचित्र अवस्था उद्भवत असे.

दुसऱ्या बाजूने जुनी प्रणाली सोडण्यातही अडचण होती. अनेक मराठी लेखन-कार्यक्रमांना संगणकाच्या मागील बाजूस लावावयाचे एक कुलूप, म्हणजे डोंगल, असे. ते यंत्राने ओळखल्याखेरीज कार्यक्रम उघडत नसे. नव्या प्रणालीत त्या कुलपाची ओळख पटविणारा दुवा मिळाला नाही, तर घेतलेला कार्यक्रम व त्यातील सर्व लिखाण बंद पडे. जुन्या प्रणालीसह एक जुने यंत्र कोपऱ्यात चालू ठेवण्याची पद्धत ह्याच कारणाने रूढ झाली.

ह्या काळातच मराठीच्या स्वतःच्या गरजांची दखल युनिकोडमध्ये पूर्ण झाली. इंग्रजी शब्दांतील उच्चारासाठी मराठीत रूढ असलेले ‘ॲ’ हे अक्षर एप्रिल २००८ च्या ५.१ ह्या आवृत्तीत स्वतंत्रपणे समाविष्ट झाले. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने महाराष्ट्र शासनाने ‘ॲ’ व ‘ऑ’ ह्यांस वर्णमालेत स्थान दिले व ‘ल’ आणि ‘श’ ह्यांची मराठी वळणे निश्चित केली. त्याच वर्षी केंद्र शासनानेही ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण म्हणून स्वीकारले. परंतु २००१ च्या प्रणालीतील फाँटास २००८ चे अक्षर ठाऊक असणे शक्य नव्हते. तेथे ‘ॲ’ च्या जागी रिकामी चौकट दिसे. म्हणून ‘अ’ लिहून त्यावर निराळा चंद्र देण्याची सवय लागली. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच. संगणकाच्या दृष्टीने ते दोन निराळे शब्द. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ ह्यांतील अर्ध्या र विषयीही असेच दोन लेखनमार्ग रूढ झाले. एकाच मराठी शब्दाच्या दोन नोंदी होऊन शोधात त्यांपैकी एकच सापडणे, हा त्याचा परिणाम आजही दिसतो.

अक्षरे जुळविण्याचे काम विंडोजमध्ये ‘युनिस्क्राइब’ नावाचा भाग करीत असे. तो नव्या आवृत्तीतून काढून जुन्या प्रणालीत बसविला असता जोडाक्षरे सुधारतात, असे जाणकारांच्या ध्यानात आले व हा उपाय वापरात आला. निर्मात्याची त्यास मान्यता नव्हती. संपूर्ण प्रणाली न बदलता तिच्यातील लिपीचा भाग तेवढा बदलण्याचा हा प्रयत्न जिस्ट कार्डाच्या कल्पनेशी नाते सांगणारा आहे. फरक इतकाच की, पूर्वी कार्ड बसविले जाई, आता एक फाइल.

ह्यास समांतर असा मुक्त प्रणालींचा प्रवाहही होता. २००० च्या सुमारास सुरू झालेल्या इंडलिनक्स ह्या उपक्रमाने लिनक्सवर भारतीय भाषा आणण्याचे काम हाती घेतले; पुढे २००७ मध्ये सी-डॅकने ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली प्रसिद्ध केली. ह्या प्रवाहात लिपी जुळविणारा भाग सर्वांस खुला असल्यामुळे तो दुरुस्त करण्यास कोणाच्या परवानगीची जरुरी नसते. जुन्या यंत्रांना त्यामुळे अधिक आयुष्य मिळाले. तथापि तेथेही मर्यादा आहेतच : ऑगस्ट २०२५ मधील डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत ३२-बिट पीसीवर प्रणाली बसविण्याची सोय उरली नाही.

५

तिसरे स्थित्यंतर सध्याचे. विंडोज ११ ही प्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली, आणि विंडोज १० वरील निर्मात्याची जबाबदारी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. खासगी वापरकर्त्यांसाठी सुरक्षा-दुरुस्त्यांची एक वर्षाची मुदतवाढ तेवढी जाहीर झाली. नव्या प्रणालीच्या अटींत टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, सुरक्षित प्रारंभाची व्यवस्था आणि मान्य प्रोसेसरांची यादी ह्यांचा समावेश आहे. इंटेलच्या बाबतीत ही यादी सर्वसाधारणपणे २०१७ च्या आठव्या पिढीपासून सुरू होते.

ह्या अटींचे बारकाईने निरीक्षण केले असता त्यांत दोन निराळ्या जातींच्या मर्यादा आढळतात. प्रोसेसरांची यादी ही निर्मात्याच्या निर्णयाची मर्यादा आहे. प्रणाली बसविताना होणारी तपासणी वगळण्याचे मार्ग लवकरच ठाऊक झाले. त्यांपैकी एक २०२१ मध्ये स्वतः निर्मात्यानेच सांगितला होता, व अशा यंत्रास पुढील दुरुस्त्या मिळण्याचा हक्क राहणार नाही, असा इशाराही सोबत दिला होता. दुसरी मर्यादा यंत्राची आहे. २०२४ च्या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये काही विशिष्ट आज्ञा असल्याखेरीज प्रणाली सुरूच होत नाही. इंटेलच्या प्रोसेसरांत त्या आज्ञा २००८ च्या अखेरीस आल्या. त्यापूर्वीच्या यंत्रास कोणतीही युक्ती उपयोगी पडत नाही. म्हणजे सामान्यतः २००८ ते २०१७ ह्या काळातील यंत्रे अशा पट्ट्यात येतात की, त्यांच्या अंगी सामर्थ्य आहे, परंतु त्यांस मान्यता नाही. अमान्य यंत्रावर नवी प्रणाली बसविण्याचा प्रश्न प्रामुख्याने ह्या पट्ट्याचा आहे.

मराठीच्या दृष्टीने ह्या स्थित्यंतराचा जमाखर्च दुसऱ्याहून अगदी उलट आहे. दुसऱ्या स्थित्यंतरात नव्या प्रणालीने लिपी दिली. ते न करणारा लेखक प्रमाण मराठी संकेतांच्या बाहेर राहिला. तिसऱ्यात लिपीचा लाभ नाममात्र आहे, कारण विंडोज १० मध्ये ती सिद्धच होती. लाभ आहे तो सुरक्षेचा, आणि अमान्य यंत्रावर तोही हक्काचा नाही. उलट हानी मात्र निश्चित आहे. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती नाही. आणि ६४-बिट विंडोजवर १६-बिट कार्यक्रम चालत नाहीत. डॉसच्या व विंडोज ३.१ च्या काळातील मराठी कार्यक्रम ह्या सीमेवर थांबतात. ३२-बिट विंडोज १० वर त्यांपैकी काही चालविता येत असत. नव्या प्रणालीवर तो शेवटचा दुवा तुटतो. जुन्या समांतर पोर्टवरील कुलपांची गतही तीच.

६

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. निर्मात्याची मान्यता ही यंत्राच्या सामर्थ्याची मोजणी नव्हे. ती त्याने पत्करलेल्या जबाबदारीची कक्षा होय. मराठी लेखनव्यवहार पहिल्या पीसीपासून ह्या कक्षेच्या कडेला किंवा बाहेर वाढला, आणि जिस्ट कार्डापासून आजपर्यंत त्याने अमान्य मार्गांचा अवलंब केला तो हौसेने नव्हे, गरजेने. परंतु प्रत्येक वेळी यंत्र पुढे गेले व लिखाण मागे राहिले. प्रणाली बदलणे हे काही तासांचे काम असते. दप्तराचे संकेतांतर करणे हे महिन्यांचे असते, आणि म्हणून ते पुढे ढकलले जाते.

विद्यापीठीय अभ्यासकांस ह्यातून कामाचा एक क्रम मिळतो. अमान्य यंत्रावर नवी प्रणाली बसविण्यापूर्वी त्या यंत्रातील जुन्या फाँटमधील मजकूर, तो फाँट व त्याचा कार्यक्रम ह्यांची एकत्र प्रत काढून ठेवावी. फाँटविना मजकूर म्हणजे वाचकाविना मोडी कागद होय. त्यानंतर मजकूर युनिकोडमध्ये आणावा व मूळ प्रतीशी ताडून पाहावा. ‘ॲ’ आणि अर्धा र ह्यांचे एकच लेखन ठरवावे. मूळ फाइल मात्र टाकून देऊ नये, कारण संकेतांतरातील चूक कधी तरी तिच्याच आधारे दुरुस्त करावी लागते. डॉसकालीन कार्यक्रमांसाठी डॉसबॉक्ससारखी आभासी जुनी यंत्रे उपलब्ध आहेत. जेथे ती पुरत नाहीत तेथे एखादे जुने यंत्र, जाळ्यास न जोडता, जपून ठेवणे इष्ट. हे झाल्यावर नवी प्रणाली घ्यावी की मुक्त प्रणाली, हा प्रश्न सोयीचा उरतो. ज्या यंत्रावर नागरिकांच्या नोंदी आहेत त्याची सुरक्षा मात्र हक्काच्या दुरुस्त्यांवाचून राहू देणे योग्य नव्हे.

नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले, म्हणजे जुन्या फाँटांचा काळ ऐन भरात असताना. त्या दशकातील स्थानिक इतिहास, बोली, शेती व सहकार ह्यांविषयीचे लिखाण संगणकावर झाले असल्यास ते बहुधा अशाच संकेतांत आहे. मोडीच्या दप्तरास वाचणारा मिळविण्यासाठी आज लिपीचे वर्ग चालवावे लागतात. त्या लिखाणाचा वाचक अजून पूर्णपणे गेलेला नाही; ज्यांनी ते टंकलिखित केले त्यांपैकी पुष्कळ जण आजही आहेत, आणि ज्या यंत्रांवर ते उघडते त्यांपैकी काही अद्याप सुरू होतात. ही दोन्ही साधने हाती आहेत तोवरच संकेतांतराचे काम पूर्ण करणे अगत्याचे आहे.